हळवं कार्ड, गरवं कार्ड

आमच्या पाड्यावर भात कापायला आलं की सकाळचं ऊन अंगणात पोचायच्या आधी वास पोचतो. कापून आडव्या टाकलेल्या भाताचा. थोडा गोडसर, थोडा नाकात टोचणारा. यंदाही तो परवा आला आणि कॉम्प्युटरवर चाललेला माझा हात थांबला. या वासाला माझ्या डोक्यात दुसरा एक वास चिकटलेला आहे, आणि तो सांगितला की लोक हसतात. तापलेल्या ग्राफिक्स कार्डाचा. कोरं प्लास्टिक, धूळ आणि गरम पत्रा मिळून जो होतो तो. एका हंगामात हे दोन वास आमच्या एका खोलीत नांदले. त्याला आता काही वर्षं झाली, पण भात कापायला आलं की दोघे जोडीनेच येतात.

मी साखरशेतच्या बाजूची. घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., कॉम्प्युटर सायन्स, जव्हारच्या कॉलेजातून. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. काही जणांना तो तोरा वाटतो; वाटू दे. ज्यांच्या घरात आजोबांपासून सगळेच शिकलेले, त्यांना न सांगता राहता येत असेल. आमच्याकडे ते प्रमाणपत्र काचेत घालून देवांशेजारी टांगलं आहे, आणि आय दोघांनाही एकाच फडक्याने पुसते.

दिवाळीचा हंगाम आमच्याकडे मोठा विचित्र. घर भरत असतं आणि पाडा रिकामा व्हायच्या तयारीत असतो. भात झोडून कणगीत गेलं, नागली खुडून झाली, की माणसं 'जगायला' निघतात. ठाण्याकडे, वसईकडे, भिवंडीकडे, जिथे बांधकाम निघालं असेल तिथे. कामाला जातो असं आमच्यात कुणी म्हणत नाही. जगायला जातो म्हणतात. लहानपणी मला कोडं पडायचं की मग इथे आपण काय करतो? मी आश्रमशाळेत होते, पुढे हॉस्टेलला. सुट्टी संपून मी बॅग घेऊन निघायचे आणि लगोलग आय-बाबा मुकादमाच्या गाडीत बसायचे. भेट थेट होळीला. मधला अख्खा हिवाळा आमच्या घराला कडी. लोक गावाकडच्या थंडीबद्दल, शेकोटीबद्दल लिहितात ते मी पुस्तकातच वाचलं. आमची थंडी वेगवेगळ्या ठिकाणी जायची, माझी शाळेच्या गोधडीत, त्यांची कुठल्या तरी अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर.

त्या साली मी जव्हारला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. जोडीला इंटरनेटवर बघून बघून एक काम शिकले होते. अजून बांधली न गेलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करायची. भिंती, खिडक्या, जिना, सोफा, बाल्कनीत कुंड्या, खाली बाग, आणि मग त्या सगळ्यातून आपण चालत गेल्यासारखी एक छोटी फिल्म. गिऱ्हाइकाला दाखवायला बिल्डर ती करून घेतात. नाशिकच्या एका ऑफिसने मला नमुन्याचं काम दिलं. एक पूर्ण इमारत, बागेसकट. दिवाळीनंतर ठरल्या दिवशी पाठव, जमलं तर घरी बसून कायमचं काम.

तो ठरला दिवस आणि मुकादमाची गाडी यायचा दिवस मागे-पुढेच होते. मी ते बोट ठेवून कॅलेंडरवर पाहिलं आणि तशीच उठून आयकडे गेले.

"आय, हे जमलं तं औंदा तुम्ही जाऊ नका."

ती विळ्याला धार लावत होती. "कुठं?"

"जगायला. मी हितं कमवीन. तुम्ही घरी राहायचं, दोघांनी."

तिने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवून पाहिला. "जमलं तं," ती म्हणाली. बस्स, इतकंच. पण संध्याकाळी तिने ते बाबांना सांगितलेलं मी ऐकलं, आणि ते सांगताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

आता ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अशी फिल्म म्हणजे एकामागून एक लावलेली ढीगभर चित्रं. प्रत्येक चित्रात भिंत किती चकाकेल, काचेत काय दिसेल, झाडाची सावली फरशीवर कशी मोडेल, याचं सगळं गणित कॉम्प्युटरने करायचं. हे गणित करायला आत एक वेगळी पाटी बसवतात, तिच्यावर पंखा असतो कारण ती भयंकर तापते. तेच कार्ड. माझ्या कॉम्प्युटरमध्ये ते नव्हतं. त्याच्याशिवाय एकेक चित्र निघायला इतका वेळ लागत होता की इमारत खरोखर बांधून झाली असती.

हेमंत माझ्या वर्गातला. जव्हारला एसटी डेपोजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने काउंटरवर दोन कार्डं ठेवली.

"हे नवं. एक पंखा, लहानखुरं, लाईट कमी खातं आणि पळतं बघ कसं. आणि हे मोखाड्याचं. तिथे गेम खेळायचं दुकान निघालं होतं ना, बसलं ते. त्यातलं. दोन पंखे, वजनाला वीट. दमानं चालतं, पण मेमरी नव्याच्या दुप्पट."

"मग चांगलं कोणतं?"

"ते तू ठरव. दोन्ही ने, लावून बघ, जमेल ते ठेव, दुसरं आणून दे. पदवी तुझी पूर्ण झालीय, वने. माझा एक विषय अजून लटकलाय."

"मग दे ना पेपर."

"देतो. आधी तू माझी कार्डं फुंकून नको टाकूस."

एसटीत मी ती दोन्ही ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, किती महिन्यांचं आहे? मी ओढणी उघडून दाखवली. ती खिडकीशी सरकून बसली.

घरी बाबांनी दोन्ही हातात घेऊन तोलून पाहिली. एकाला दुसऱ्यापेक्षा काय येतं, ते मी सांगितलं. हे चटकन उरकतं पण याच्यात मावतं कमी. हे वेळ लावतं पण मोठं काम पोटात घेतं. बाबा म्हणाले, "मंग हे हळवं नी हे गरवं."

ज्याने भात फक्त ताटात पाहिलं त्याच्यासाठी सांगते. हळवं भात लवकर तयार होतं, उंचावरच्या, पाणी न ठरणाऱ्या जागेत ते पेरतात. गरवं उशिरा पिकतं, त्याला खोलगट, पाणथळ खाचर लागतं. बाबांनी सहज म्हटलं आणि त्या घटकेपासून आमच्या घरात त्या कार्डांना दुसरी नावं राहिली नाहीत. अजूनही हेमंत फोनवर विचारतो, "गरवं जिवंत आहे का?"

मी कार्ड लगेच लावणार होते. बाबांनी हात धरला.

"आज नाय. आपलं नवं व्हायचं हाय अजून."

आमच्यात शेतात आलेलं नवं धान्य असं उचललं आणि शिजवलं, असं होत नाही. आधी कणसरीला, धान्याच्या देवीला दाखवायचं. सुपात नवं भात, वर हळद-कुंकू, फूल. मग तोंडात घास. याला 'नवं करणं' म्हणतात. आमचं हळवं भात नुकतंच कापलं होतं आणि नवं दुसऱ्या दिवशी होतं.

"अहो बाबा, ते धान्याचं असतं. हे कार्ड आहे."

"घरात नवीन आलं ना? ह्याच्यावर आपण खाणार ना?"

बी.एस्सी.ला हे शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवं कार्ड सुपात बसलं, भाताच्या राशीत, पंखा वर करून, शेजारी झेंडूचं फूल. बाबांनी त्याला कुंकू लावलं आणि मूठभर दाणे वरून सोडले. जुनं कार्ड मीच पुढे केलं, याचंही करून टाका म्हटलं. तर म्हणाले, "त्याचं मोखाड्याला झालं असंल. ते जुनंच हाय." हे त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. मी नव्यावरचे दाणे झटकले, मऊ फडक्याने कुंकू पुसलं आणि मनात म्हटलं, झालं, आता लागू कामाला.

दोन वस्तूंची तुलना कशी करायची हे मी कॉलेजात शिकले होते. दोघांना एकच काम द्यायचं, बाकी सगळं तेच ठेवायचं, मग पाहायचं. मी इमारतीतली एक खोली घेतली. तेच काम आधी नव्याला, मग जुन्याला. इंटरनेटवर या दोन्ही कार्डांच्या तुलनेचे तक्ते होते, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे; पट्टी लांब म्हणजे कार्ड वेगवान. सगळ्यांत नव्याची पट्टी लांब. मी ते तक्ते मोठ्या विश्वासाने पाहिले होते.

कापणी ऐन भरात होती. आमच्याकडे आज आमचं खाचर, उद्या शेजारच्या जानकीकाकूंचं, अशी आळीपाळीने कापतात, त्यामुळे मला घरात बसून पडदा बघत राहायची सोय नव्हती. मशीन चालू करायची, दार लोटायचं आणि शेतात जायचं. एक पात कापून झाली, म्हणजे आपल्या वाट्याची पट्टी, की पाणी प्यायच्या निमित्ताने घरी पळायचं. तक्त्यांत सेकंद होते. माझ्याकडे पाती होत्या.

पहिल्या पातीनंतर आले तर नव्याने दोन-तीन चित्रं काढून दम टाकला होता. दुसऱ्या पातीनंतर कॉम्प्युटर बंद. पाठीला हात लावला तर तव्यासारखी गरम. थंड केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सुरुवातीला धावायचं, मग हळू, मग बंद. दुसऱ्या दिवशी मोखाड्याचं जुनं लावलं. ते पहिल्यापासून एका चालीने निघालं, आणि दुपारी आम्ही भाकर खायला आलो तरी त्याच चालीने चाललं होतं. फक्त खोलीतला बल्ब मंद झाला होता. बाहेरून जानकीकाकूंचा आवाज आला.

"वनिताऽ! तुझा डबा आमची लाईट खातो गं! टीव्हीत माणसं बुटकी झाली!"

खरंच होतं. दोन पंख्यांचं ते धूड सुरू झालं की आमच्या टोकाच्या घरांची लाईट दबायची. निळ्या-तांबड्या पट्ट्यांत आमच्या पाड्याचं व्होल्टेज कुणी मोजलं नव्हतं.

तरी ठरलं, जुनंच. नव्यात काही दम नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. त्यांना कार्डाचं वाईट वाटलं नव्हतं. "नवं नीट केलं होतं," ते म्हणाले. "नवं केल्यावर असं होत नाय." हातातला घास त्यांनी उगाच ताटात फिरवला.

जुन्यावर मी पूर्ण इमारत लावली. दिवाळी आली. बाकीच्या घरांत पणत्या लागल्या, आमच्याकडे लागल्या त्याही मी धड पाहिल्या नाहीत. काम पुढे सरकत होतं, पण गरव्याच्या चालीने. किती चित्रं झाली, किती राहिली, याचा मी रोज अंदाज बांधायचे आणि रोज तो ठरल्या दिवसाच्या पलीकडे जायचा. कधी लाईट जायची. कधी काकूंच्या घरी पाहुणे आले म्हणून मीच बंद ठेवायचे.

त्याच दिवसांत एकदा आय हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली. पडद्यावर इमारत होती.

"ही कंची बिल्डिंग?"

"अजून झाली नाय. व्हायची हाय."

"मंग आमी हिलाच जाणार का काय?"

ती हसत म्हणाली. मला हसता येईना. आय इतकी वर्षं डोक्यावर घमेली वाहते ती अशाच इमारतींची. मी इमारत सुरू होण्याआधीची, ती इमारत चालू असतानाची. मधल्या काळात आमची दोघींची कधी गाठ पडली नव्हती.

ती पडद्याजवळ आली. "आमी असतो तवा अशी नसती. सगळी माती नि पाणी. अशी चकाचक झाली की मंग आमाला आत सोडत नाय." यात तक्रार नव्हती. पाऊस पडला की छत्री लागते, अशा सुरात ती बोलली.

"चल, मी नेते आत," मी म्हटलं.

मी माऊसने तिला दारातून आत नेलं. जुन्या कार्डावर ते चालणं अडखळत होतं. एक पाऊल, थांबा, एक पाऊल, थांबा. आय म्हणाली, "ह्याचे बी गुडघे गेले वाटतं, तुझ्या बासारखे." बाबा ओट्यावरून म्हणाले, "ऐकू येतं मला." जिन्यावरून वर नेलं. स्वयंपाकघर दाखवलं. तिने चूल कुठे विचारलं, मग नळ कुठे, मग म्हणाली, "लादी दाखव नीट." मी लादी दाखवली. तिने पडद्यावरच्या लादीवर बोट फिरवलं. "पाय घसरंल," म्हणाली आणि चुलीकडे गेली.

आणि कोपऱ्यात बोचकं बांधायला सुरुवात झाली होती, तेही मला दिसत होतं. तवा, दोन पातेली, गोधड्या. आय ते लपवत नव्हती, आणि दाखवतही नव्हती. रोज एखादी वस्तू त्यात जायची.

कार्ड ठेवायचं नाही तर परत तरी करावं, म्हणून एके दिवशी मी क्लासला जाताना नवं हेमंतच्या काउंटरवर ठेवलं. "तापतं आणि बंद पडतं."

"हे? शक्य नाही." त्याने पंखा बोटाने फिरवला. फिरला. पुन्हा फिरवला. अर्ध्यात अडला. तो स्क्रू काढायला लागला. पंखा सुटला, त्याने कार्ड उलटं करून ठोकलं, आणि काउंटरच्या काचेवर टक् आवाज करून एक भाताचा दाणा पडला. मागोमाग झेंडूची एक सुकलेली पाकळी.

हेमंतने दाणा बोटावर घेतला. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"वने, कार्डात भात लावलंस?"

"नवं केलं होतं त्याचं."

"काय?"

"नवं. आमच्यात करतात."

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, चष्मेवालं, ते फिसकन हसलं. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुम्ही नवी गाडी घेतल्यावर तिच्या चाकाखाली लिंबू ठेवता ना?" त्याने चष्मा पुसायला काढला. हेमंत मात्र हसत नव्हता, किंवा फार खालच्या मानेने हसत होता. तो मूळचा आमच्याच बाजूचा. "आमच्याकडेही करतात," तो म्हणाला. "पण मळणी करून पाठवायचं ना कार्ड."

दाणा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. नवं भात फेकवेना. नखाने सोलला आणि तोंडात टाकला. किंचित भाजल्यासारखा लागला.

म्हणजे तुलना चुकीची होती. मी दोघांना काम एकच दिलं होतं, पण एकाच्या पोटात देवीचा दाणा होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. कॉलेजात शिकवलेलं 'बाकी सगळं तेच ठेवा' किती अवघड असतं, ते मला त्या काचेवर कळलं. आपण म्हणतो हे चांगलं, ते वाईट, हा हुशार, तो मठ्ठ. कुणाच्या पंख्यात काय अडकलंय ते कुठे बघतो? आश्रमशाळेतून कॉलेजात आले तेव्हा पहिल्या वर्षी वर्गात मी तोंडच उघडत नव्हते. घरची बोली वेगळी, वर्गातली मराठी वेगळी, पुस्तकातली इंग्रजी तर पार पलीकडची. मला मठ्ठ ठरवून झालं होतं. मीही ते मान्य केलं होतं. पुढे काय झालं ते भिंतीवर आहे.

त्याच दिवशी घरी नवं कार्ड लावलं. बाबांना सगळं सांगितलं. आधी ते ओशाळले, कानशील चोळत बसले. मग डोळे बारीक झाले. "देवी आत गेली असंल बघायला," म्हणाले, "पोरगी काय करते म्हणून." आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. नवं वाया गेलं नव्हतं, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं.

आणि काय पळालं ते! एक पात कापून येईपर्यंत खोलीच्या खोल्या उरकलेल्या. बल्ब मंद नाही, काकूंची हाक नाही. पण बागेचं दृश्य आलं आणि ते थबकलं. झाडांची पानं, गवत, कारंजं, हे सगळं त्याच्या मेमरीत मावेना. चित्र निघायच्या आधीच हात वर करायचं. मी रागावले नाही. त्याच्या पट्टीची लांबी मला आता ठाऊक होती आणि त्याचं पोटही. बाग जुन्याला दिली, खोल्या नव्याला. कॅबिनेटमध्ये जागा एकाचीच, त्यामुळे एक काढायचं, दुसरं घालायचं. सकाळी गरवं, दुपारनंतर हळवं. काढ-घालीत माझ्या बोटांना पत्रा लागून चिरा पडल्या, विळ्याच्या चिरांच्या शेजारी. कोणतं चांगलं हा प्रश्न मी विचारायचाच विसरून गेले. आमच्या पाड्यावर एकच जात पेरणारं घर मी अजून पाहिलेलं नाही, पण तेव्हा हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. हात चालू असताना असलं काही सुचत नाही, नंतर लिहिताना सुचतं.

ठरल्या दिवसाच्या आत फिल्म पूर्ण झाली. पाड्यावर एवढी मोठी फाइल जाईल असं नेटवर्क नाही, म्हणून फोनमध्ये घेऊन जव्हारजवळच्या उंचावरच्या शिरपामाळावर गेले. महाराज तिथे थांबले होते म्हणतात, त्यामुळे पाहुणे येत असतात. मी दगडावर बसून टक्के मोजत होते आणि एक जोडपं मला सारखं विचारत होतं, ताई, आमचा एक फोटो काढता का? "माझा फोन कामात आहे," मी म्हटलं. "आमच्या फोनने काढा ना." काढला. त्यांच्या मागे सगळी पिवळी पडलेली खाचरं आली, ती त्यांना नको होती. तेवढ्यात फाइल गेली.

उत्तर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्याही नाही. बघून कळवतो, एवढाच निरोप.

आणि गाडी आली.

सकाळी, दव असताना. हॉर्न पाड्याच्या खालच्या वळणावर वाजतो तेव्हाच वरच्या घरांत हालचाल सुरू होते. माणसं, पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, गोधड्या. जानकीकाकू डोक्यावर गाठोडं घेऊन आमच्या दारावरून गेल्या. "चल गं, जागा धरते तुला खिडकीची," आयला म्हणाल्या. गाडीला खिडक्या नव्हत्या. ती त्यांची दर वर्षाची मस्करी.

आमचं बोचकं ओट्यावर बांधून तयार होतं. बाबा टोपी घालून उभे. मी फोन हातात घट्ट धरून, जणू तो दाबल्याने उत्तर बाहेर येणार होतं. माझ्या तोंडून निघालं, "आय, अजून काही कळलं नाय."

"हां."

"नाय जमलं तं?"

ती खाली बसली. मला वाटलं बोचकं उचलायला. तिने गाठ सोडली. दातांनी सोडावी लागली, इतकी घट्ट बांधली होती. आतून तवा काढला आणि आत नेऊन चुलीवर ठेवला.

"भाकर थापते," आतून आवाज आला. "तू परवाच्यापास्नं धड जेवली नाय."

बाबा माझ्याकडे बघत होते. मग टोपी सारखी केली आणि खाली गाडीपाशी गेले. मुकादम काहीतरी मोठ्याने बोलला, ते मला ऐकू आलं नाही. बाबांचं ऐकू आलं, कारण ते त्यांनी सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"आमी नाय येत औंदा. पोरगीचं काम हाय हितं."

उत्तर नंतर आलं. बागेत सुधारणा सांगितल्या होत्या, कारंजं काढून टाका म्हणाले, आणि पुढच्या इमारतीचे नकाशे जोडले होते. ते काम आजही चालू आहे. हेमंतचा तो विषयही सुटला; पेढे घेऊन आला तेव्हा त्याने नवीन निघालेल्या कार्डांची तुलना मला मोबाइलवर दाखवली. पट्ट्या आता आणखी लांब झाल्यात. बाबा शेजारून डोकावले आणि आधी सुपाकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोक्यासकट करू, बाबा. खोकं उघडायचं नाय." ते कबूल झाले, पण मनापासून नाही.

तरी त्या हंगामाचं मला जे शेवटपर्यंत पुरेल, ते कामाचं उत्तर नाही. ते त्यालाच लागून आलेल्या हिवाळ्यातलं आहे.

पाडा ओस पडला होता. चार-दोन म्हातारी माणसं आणि आम्ही. मी आत काम करत होते, दुपार उतरली होती. घरामागून आयची हाक आली. धावत गेले, वाटलं पडली की काय. ती मागच्या बोरीखाली उभी होती. झाड बोरांनी लगडलं होतं, अर्धी पिवळी, अर्धी तांबूस, खाली सडा. ती बोर आमचीच, आमच्याच जागेत, आयच्या लग्नाच्या आधीपासूनची. पण बोरं धरतात हिवाळ्यात, आणि होळीला ती परत यायची तेव्हा झाडाला नुसते काटे.

तिच्या पदरात बोरं होती. एक तोंडात होतं, आणि एक गाल फुगलेला.

"इतकी वर्सं झाली मला ह्या घरात," ती म्हणाली. "आपली बोर गोड का आंबट, ते मला ठावंच नव्हतं गं."

"मग? कशी आहे?"

तिने तोंड वाकडं केलं, एक डोळा मिटला, बी थुंकली. "आंबट!" म्हणाली. "आंबट ढोण!" आणि हसत हसत पदरातलं दुसरं उचललं.